दाभोळला दोन रात्री



दाभोळला जाऊन आलो, असं सांगणारे बरेच जण भेटतात. त्यातले बहुतेक गाडीसकट फेरीबोटीत चढून पलीकडे धोपाव्याला उतरलेले असतात. बोटीमुळे गुहागर जवळ आलं, ही मोठीच सोय झाली. पण त्यापायी दाभोळ म्हणजे नुसती जेटी होऊन बसली, याचं मला वाईट वाटतं. म्हणून या खेपेला मी तिथे दोन रात्री राहिलो.

खाडीकाठच्या एका जुन्या कौलारू घरात उतरलो होतो. रात्री घरच्या काकूंनी तिसऱ्यांचं सुकं आणि तांदळाची भाकरी वाढली. जेवताना मला अफनासी निकितीन आठवला. हा रशियन व्यापारी 1472 च्या सुमारास याच बंदरातून परतीला निघाला. हिंदुस्थानात परदेशी व्यापारी धर्मशाळेत उतरतात आणि तिथल्या बायका त्यांना रांधून घालतात, असं त्याने लिहून ठेवलंय. हुर्मुझच्या जहाजाचं भाडं दोन सोन्याची नाणी पडलं, तेही लिहिलंय! तेव्हा इथे अरबस्तान-खुरासानातले घोडे उतरत. पुढे 1508 च्या डिसेंबरात पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने हे गाव जाळलं. तरी गाव पुन्हा उभं राहिलं.

दुसऱ्या दिवशी मशिदीच्या पायऱ्या चढलो. काळा दगड, वर घुमट, चार कोपऱ्यांना चार मिनार. विजापूरची शाहजादी आयेशाबीबी मक्केला निघाली, तिला इथेच थांबावं लागलं आणि यात्रेसाठी आणलेल्या पैशातून तिने ही मशीद बांधवली, असं गावात सांगतात. दगडावर हात ठेवला तर उन्हातही गार लागला. किती तरी वेळ मी तसाच टेकून बसलो होतो.

संध्याकाळी चंडिकादेवीला गेलो. देऊळ गुहेत आहे. वाकून आत शिरायचं, मग डोळे काळोखाला सरावेपर्यंत थांबायचं. विजेचा दिवा नाही, समईच्या उजेडात हळूहळू देवी दिसू लागते. तिथे घाई चालतच नाही.

निघायच्या सकाळी जेटीवर आलो. भरतीचं पाणी वाशिष्ठीत चढत होतं. पहिली बोट भरली, भोंगा वाजला. गाड्यांच्या रांगेतल्या एका पोराने आईला विचारलं, “इथे उतरून काय बघायचं?” मी बोट जाऊ दिली आणि त्याला मशिदीचा घुमट दाखवला.