बाळ कुणाजवळ?

परवा आमच्या गटाच्या बैठकीत बचतीचा विषय बाजूलाच राहिला आणि बाळंतपणाच्या गोष्टी निघाल्या. तिथं जे बोलले, तेच आज सांगते.

माझी थोरली सिझरची, खाजगी दवाखान्यात झालेली. “तुम्ही आराम करा” म्हणून तिला दुसऱ्या खोलीत नेलं. पोरगी ठणठणीत होती, पण का नेता हे आम्ही विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी ती मांडीवर आली, तोवर बाटलीनं दूध पाजलेलं. छातीला धरली की तोंड फिरवायची. माझी छाती दगडासारखी झाली. सगळे म्हणाले, हिला दूधच नाही. मीही ते खरं मानलं.

धाकटा सरकारी रुग्णालयात झाला, नॉर्मल. सिस्टरनी पुसून सरळ माझ्या उघड्या छातीवर ठेवला. तासाभरात चीक पाजला आणि घरी येईपर्यंत तो माझ्याजवळच होता. मूठ चोखायला लागला की समजायचं, भूक लागली. रडायची वाट बघायची नाही. बाळ जितकं ओढतं तितकं दूध उतरतं, हे मला तेव्हा कळलं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ तर १९९१ पासून दवाखान्यांना सांगतायत, आई आणि बाळ रात्रंदिवस एकत्र ठेवा.

त्या रात्री सोप्या होत्या असं मात्र म्हणणार नाही. वॉर्डात एक तरी बाळ रडतच असायचं. एकदा तर वाटलं, न्या गं कुणीतरी याला घटकाभर! सासूबाईंनी चाटवायला मध आणला होता, तो सिस्टरनी परत पिशवीत ठेवायला लावला. पण त्याच सासूबाईंनी बाळ मांडीवर घेतलं, म्हणून मला दोन तास झोप मिळाली. सोबतीला अशी जागरण करणारी बाई हवीच. सिझर झालं तर कूसही वळवता येत नाही, बाळ उचलून कोण देणार? आणि डोळा लागतोय असं वाटलं तर बाळ तिच्याकडं द्या, दवाखान्याची खाट अरुंद असते.

कमी वजनाचं, आजारी बाळ काचेत ठेवावं लागतं. तिथं अडवू नका. पण विचारा, पाजायला कधी येऊ? दूध काढून दिलं तर चालेल का?

सरकारी दवाखान्यात नॉर्मलला तीन दिवस आणि सिझरला सात दिवस बाळंतिणीचं जेवण मोफत असतं. तेव्हा घरी पळायची घाई करू नका.

पुढच्या महिन्यात माझी पुतणी बाळंत होईल. तिची पिशवी भरून झालीय. मधाची बाटली तेवढी मी हळूच बाहेर काढून ठेवलीय.