एकाच दिवशी दोन जयंत्या
(३ जानेवारीच्या पालक मेळाव्यातील भाषण)



आज सावित्रीबाई फुले यांची जयंती, म्हणजेच बालिका दिन. १८३१ साली नायगावात जन्मलेल्या सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींना शिकवले, लोकांनी मारलेले शेणगोळे सोसून.

१९०३ साली याच दिवशी झारखंडच्या मुंडा आदिवासी समाजात जयपालसिंग मुंडा जन्मले. रांचीच्या मिशन शाळेतला हा मुलगा ऑक्सफर्डला शिकला, १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये भारतीय हॉकी संघाचा कर्णधार झाला आणि पुढे संविधान सभेत आदिवासींच्या हक्कांसाठी उभा राहिला. ते संविधान २६ जानेवारी १९५० रोजी लागू झाले.

आपल्या जुन्नर-आंबेगावच्या वाड्यांतून आईबाप नारायणगाव-मंचरकडे मजुरीला जातात. धाकट्यांना सांभाळायला थोरल्या मुलीला सोबत नेतात आणि तिची शाळा सुटते ती सुटतेच.

म्हणून फोटोला हार घातल्यावर एवढे करा. आपल्या वाडीतली कोणती मुलगी आश्रमशाळेत परतली नाही, ते पाहा. तिच्या आईवडिलांशी बोला. धाकट्यांना अंगणवाडीत बसवा. २६ जानेवारीच्या झेंडावंदनाला ती आपल्या वर्गाच्या रांगेत उभी दिसू द्या.

देव आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.