चूल आणि भाकरी

गॅस घरात आला, तरी सिलिंडर संपला की पुन्हा चूलच, आणि जळणाचा भारा आपल्याच डोक्यावर.

काही वर्षांपूर्वी आमच्या बचत गटातल्या अकराजणींच्या घरी बिनधुराच्या चुली बसवल्या. सिमेंटची चूल, बाजूला वैल, वर धुराडं. बसवणारे फोटो काढून गेले. महिनाभरात आम्हीच त्या चुलींची तोंडं फोडून मोठी केली. का? तर भाकरीपायी. ज्वारीची भाकरी तव्यावर उलटली की चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांपुढं उभी करून शेकायची, तेव्हा ती टम्म फुगते. त्या चुलीचं तोंड एवढंसं, भाकरी उभी कुठं करायची? पण तोंड वाढलं तशी धुराड्याची ओढ कमी झाली, धूर घरात यायला लागला. त्यात धुराड्यातली काजळी काढायची असते, हे कुणी सांगितलंच नव्हतं. धुराडं तुंबलं, आणि ‘बायांना चांगली वस्तू वापरता येत नाही’ असं वर आम्हीच ऐकून घेतलं!

पुढं चुली घालणाऱ्या एका ताईंना बोलावलं. त्यांनी आधी आमचे तवे, पातेली मापली, भाकरी करताना शेजारी बसून पाहिलं. मग मातीचीच चूल घातली. आत लोखंडी जाळी, म्हणजे खालून हवा मिळते नि काटकी पुरती जळते. धूर म्हणजे तरी काय, न जळलेलं जळणच की! तोंड लहानच ठेवलं, पण पुढं निखारे ओढायला छोटा ओटा काढला. भाकरी तिथं शेकते. धुराडं झाडायची पाळी आता घरातल्या पोरांवरही येते.

ऊसपट्ट्यातल्या बहिणींसाठी आणखी एक. शेतात पेटवून देतात त्या पाचटाचा भट्टीत कोळसा करून त्याच्या कांड्या पाडायची रीत पुण्याच्या ‘आरती’ संस्थेनं बसवली. 2002 साली त्या कामाला ॲश्डेन पुरस्कार मिळाला. त्यांच्या सराई कुकरात 100 ग्रॅम कांड्यांवर चार-पाच माणसांचा वरण-भात वाफेवर शिजतो. भाकरी मात्र त्यात होत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आणि कोळसा बंद खोलीत कधी पेटवू नका, त्याचा विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही.

आमची चूल पाहायची असेल तर बाजाराच्या दिवशी या. येताना आपापला तवा आणा, मापाला लागतो.