गोदीचे दगड आणि वऱ्हाडचा कापूस
(व्याख्यानाचा संपादित भाग)



वऱ्हाडातून मुंबईला जाणारा माणूस छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरतो आणि आपल्या कामाच्या वाटेने निघून जातो. त्याच स्थानकापासून थोड्या अंतरावर, गोदीला लागून, बॅलार्ड इस्टेट नावाची जुनी व्यापारपेठ उभी आहे. तिच्या दगडी इमारतींशी अमरावती-अकोल्याचे नाते काय, असा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु ते नाते आहे आणि ते कापसाचे आहे.

पोर्ट ट्रस्टने अलेक्झांड्रा गोदी, म्हणजे आजची इंदिरा गोदी, खोदली. ती 1914 साली खुली झाली. त्या खोदकामातून निघालेल्या भरावाने समुद्र मागे हटवून सुमारे 22 एकर जमीन तयार करण्यात आली. तीवर वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांनी एकाच शिस्तीतील पेठ योजिली : सारख्या उंचीच्या इमारती, रुंद रस्ते, युरोपीय धाटणीची दर्शनी बाजू. गेटवे ऑफ इंडियाचे शिल्पकारही तेच. या पेठेत जहाज कंपन्या आल्या, निर्यातदार आले. फोलकार्ट ब्रदर्स या स्विस व्यापारी पेढीचे कार्यालयही येथेच होते. या पेढीने 1870 च्या दशकातच खामगावला कापूस खरेदीचे ठाणे उघडले होते. दोराचे एक टोक गोदीवर आणि दुसरे वऱ्हाडच्या काळ्या मातीत, असा हा व्यवहार होता.

वऱ्हाडचा व्यापार मात्र इंग्रजी आगगाडीने जन्माला घातला, असे समजणे चूक ठरेल. अमरावतीचा परकोट पाहावा. पेंढाऱ्यांच्या लुटीपासून येथील धनिक व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे, म्हणून 1807 साली निजाम सरकारने त्याचे बांधकाम सुरू केले. सव्वादोन मैलांचा घेर, पाच दरवाजे आणि चार खिडक्या असलेला हा तट राजवाड्यासाठी नव्हे, तर बाजारपेठेसाठी उभा राहिला. 1842 साली एकाच व्यापाऱ्याने एक लाख बैलांवर कापूस लादून कलकत्त्याकडे रवाना केला, असे जुन्या गॅझेटियरमध्ये नमूद आहे.

पुढे दिशा बदलली. 1861 ते 1865 या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला अपूर्व भाव आला. 1867 मध्ये लोहमार्ग अकोला, बडनेरा ओलांडून नागपूरला पोहोचला. 1870 मध्ये जलंब-खामगाव फाटा सुरू झाला. कलकत्त्याचा माल मुंबईकडे वळला. 1886 साली कारंजा येथील कापूस बाजार नियमबद्ध झाला; देशातील नियंत्रित बाजारपेठांचा इतिहास तेथून सुरू होतो.

याच काळात वऱ्हाडच्या गावोगावी एक नवी वास्तू उभी राहिली. ती म्हणजे जिन-प्रेस. तिच्यात नक्षी नाही, पण प्रत्येक भिंतीला कारण आहे. गाड्या रिकाम्या करण्यासाठी मोठे पटांगण. सरकी आणि रुई वेगळी करणारी, चरक्यांच्या रांगांची लांबच लांब शाळा. बॉयलरची उंच विटांची चिमणी. आगीच्या भयाने अंतर राखून बांधलेली गोदामे. आणि गाठी दाबणाऱ्या यंत्रासाठी इतरांहून उंच घेतलेले प्रेसघर. जहाजाचे भाडे जागेवर ठरत असल्याने रुई घट्ट दाबणे भाग होते. 392 पौंडांची एक गाठ आणि अशा दोन गाठींची मुंबईची खंडी, हे गणित अडत्याच्या मुलालाही पाठ असे. ही गाठ बांधली जाई वऱ्हाडात, परंतु तिचे माप गोदीने ठरवलेले होते.

आज या दोन टोकांचे नशीब निरनिराळे आहे. मुंबईसाठी 1995 साली वारसा नियमावली आली आणि बॅलार्ड इस्टेटला परिसर म्हणून संरक्षण लाभले. इकडे मात्र अनेक जुन्या जिनांच्या जागी भूखंड पडले, संकुले उठली. पत्रे भंगारात गेले, चिमण्या उतरवल्या गेल्या. विटेटची कमान वारसा ठरते आणि जिथे शेतकऱ्याचा कापूस मोजला गेला, ती शाळा अडगळ ठरते, हा न्याय म्हणता येईल काय?

बंद पडलेला कारखाना मालकाने भावनेपोटी सांभाळत बसावा, अशी अपेक्षा करणे रास्त नाही. कर, वारसांच्या वाटण्या, जमिनीचे भाव, हे सारे खरे आहे. पण पाडण्यापूर्वी मोजमाप घेता येते, छायाचित्रे काढता येतात. पेढीवरचे रोजमेळ आणि खतावण्या रद्दीऐवजी ग्रंथालयात जाऊ शकतात. जुने फिटर, हमाल, मापारी हयात आहेत तोवर त्यांच्या आठवणी लिहून घेता येतात. शाळेची मुले हे काम एका सुट्टीत करू शकतील. आणि प्रत्येक गावात निदान एक चिमणी, एक प्रेसघर राखून तेथे वाचनालय अथवा कापसाचे छोटे संग्रहालय उभारणे नगरपालिकेच्या आवाक्याबाहेरचे नाही.

गोदीचे दगड टिकतील. त्यांना राखणदार आहेत. वऱ्हाडच्या विटांना राखणदार वऱ्हाडातूनच मिळाले पाहिजेत. अन्यथा उद्याच्या पिढीला मुंबईची भव्य पेठ दिसेल, पण ती कोणाच्या घामावर उभी राहिली, हे सांगणारी एकही भिंत उरणार नाही.