गाणें, चित्र आणि बावखल

(महोत्सवानिमित्त योजिलेल्या वसंतमेळाव्याच्या पूर्वसंध्येस धर्मग्रामस्थांपुढें केलेलें भाषण)



पुनरुत्थानाचा सण नुकताच पार पडला आहे. उद्यां शनिवार व परवां रविवार हे दोन दिवस आपल्या महोत्सव समितीनें गायन, चित्रकला व निसर्गदर्शन यांकरितां राखून ठेविले आहेत. ह्या मेळाव्याविषयीं दोन प्रश्न आमच्या कानांवर आले. पहिला असा कीं, महोत्सवासारख्या गंभीर प्रसंगीं ही करमणूक कशाला? दुसरा असा कीं, करमणूकच करावयाची तर शहरांतून एखादा नांवाजलेला वाद्यवृंद कां आणूं नये? ह्या दोहोंचें उत्तर देण्याकरितां आम्ही आज आपणांपुढें उभे आहों.

आपल्या वसईंत वसंत कसा येतो, हें प्रथम पाहूं. प्रायश्चित्त काळांत आपण विरक्तीचें मनन करीत असतां पळस, पांगारा व काटेसावर हीं झाडें आपलीं पानें टाकून देतात आणि उघड्या फांद्यांवर तांबडीं फुलें धारण करितात. पानांचा आडोसा नसल्यामुळें तीं दुरून दिसतात. मैना व बुलबुल मधाच्या लोभानें त्यांवर उतरतात आणि चोंचीस लागलेला पराग एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतात. ह्याच दिवसांत पहांटे दयाळ शीळ घालूं लागतो, आणि भर दुपारीं तांबट आपलें ठुकठुक चालूं ठेवितो. हा सारा उत्सव आपल्या कुंपणाच्या आंत चालतो; तरीपण आपल्यांतील कितीजणांनीं तो यंदां पाहिला असेल?

गायनाची गोष्ट अशीच आहे. आपल्या भाषेंत ख्रिस्ती गायनाची परंपरा जुनी आहे. इंग्लंडांत जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आले, आणि त्यांनीं रचिलेलें ‘क्रिस्तपुराण’ १६१६ सालीं छापून निघालें. परदेशांत जन्मलेल्या त्या पुरुषानें येथील ओवी हातीं धरिली, कारण येथील माणसाच्या कंठांत ती आधींच बसलेली होती. पुढें रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनीं रचिलेलीं मराठी भजनें पंथभेद ओलांडून घरोघरीं गेलीं. पोप दहावे पायस यांनीं १९०३ सालीं धर्मसंगीताविषयीं जो आदेश काढिला, त्यांत भाविकांनीं पुन्हां उपासनेच्या गायनांत सहभागी व्हावें, अशी इच्छा दर्शविली आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६३ सालीं प्रत्येक देशाच्या संगीतपरंपरेस योग्य मान देण्यास सांगितलें.

हा मान आपण आपल्या गाण्यांस देतों काय? आपल्या लग्नांत विहिरीचें पाणी आणावयास निघतांना आजीबाई जीं गाणीं म्हणत, तीं आज कितीजणींस येतात? कर्णे लागले, आणि कंठ मिटले. बाहेरून आलेला वाद्यवृंद चांगला वाजवील, ह्यांत शंका नाहीं. पण तो निघून गेल्यावर आपल्या गांवांत एकही नवा गाणारा उरणार नाहीं. म्हणून उद्यां सायंकाळीं व्यासपीठावर आपल्याच वृद्ध भगिनी बसतील, त्यांच्या शेजारीं मुली बसतील, आणि एकेक कडवें पुढें जाईल. साथीस घुमट असेल. गोवा सरकारनें २०१९ सालीं ह्या वाद्यास राज्याच्या वारशाचें वाद्य म्हणून गौरविलें. पूर्वी त्याच्या तोंडावर घोरपडीचें कातडें ताणीत. त्या प्राण्यास कायद्याचें संरक्षण मिळाल्यावर बकऱ्याचें कातडें वापरण्यांत येऊं लागलें. घोरपडही जगावी आणि घुमटही वाजावा, हें साधतां येतें, एवढें ध्यानांत ठेवा. त्याचें प्रयोजन पुढें येईल.

आतां चित्रकलेविषयीं. गोव्यांतील सांत इस्तेव बेटावर जन्मलेले चित्रकार आंजेलो द फोन्सेका (१९०२-१९६७) हे शांतिनिकेतनांत शिकले व पुढें पुण्यास राहिले. त्यांनीं पवित्र मरिया मातेस साडी नेसविली आणि तिच्या मुखावर ह्या भूमीचा वर्ण दिला. त्याबद्दल त्यांस स्वकीयांची टीका सोसावी लागली. आज तींच चित्रें आदरानें पाहिलीं जातात. आपल्या धार्मिक शिक्षणवर्गांतील मुलांस वसंताचें चित्र काढावयास सांगितलें, तर बहुतेक मुलें छापील पत्रिकेवरील परदेशी फुलें व ससा काढितात. त्यांत मुलांचा दोष नाहीं. त्यांस पांगारा कोणी दाखविला नाहीं. म्हणून उद्यां सकाळीं मुलें वाडींत बसून, समोर जें झाड असेल तेंच काढतील. त्याआधीं पंधरा मिनिटें स्वस्थ उभें राहून दिसतील तेवढे पक्षी मोजावयाचे आहेत. दरवर्षीं फेब्रुवारींत चार दिवस जगभर जी पक्षिगणना होते, तिची रीत अशीच आहे. २०१३ पासून आपल्या देशांतील लोकही तींत भाग घेतात. तिला पदवी लागत नाहीं, डोळे व धीर एवढेंच लागतें.

रविवारीं सायंकाळीं आपण बावखलाच्या कांठीं जमणार आहों. बावखल म्हणजे काय, हें जुन्यांस सांगावयास नको. पण तरुणांकरितां सांगतों. आपली भूमि समुद्रालगतची आहे. जमिनीखालीं खारें पाणी असतें, आणि पावसाचें गोडें पाणी हलकें असल्यामुळें त्यावर तरंगत राहतें. आपल्या पूर्वजांनीं वाड्यांत बावखलें खणिलीं. त्यांत पावसाळ्याचें पाणी सांठतें, जमिनींत मुरतें, आणि गोड्या पाण्याचा थर जाड राखितें. तो थर पातळ झाला कीं खालचें खारें पाणी वर चढतें. मग विहीर मचूळ होते, पानवेल करपते, आणि राजेळी केळीचा घड भरत नाहीं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२-२०२४) यांनीं हरित वसई संरक्षण समितीच्या द्वारें ह्याच पाण्याकरितां व हिरवाईकरितां लढा दिला, आणि २०२० सालीं तेच धाराशिव येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. पाण्याची चिंता आणि शब्दाची सेवा एकाच पुरुषाच्या ठायीं नांदली, हें लक्षांत घ्यावें.

आपल्या धर्मग्रामांतील कित्येक बावखलें गेल्या कांहीं वर्षांत मातीनें भरून गेलीं. ज्याच्या कांठीं आपण जमणार आहों, तें बुजविण्याचीही बोलणीं चालूं आहेत. त्याचे मालक आपणांपैकींच आहेत, आणि त्यांस दोष देण्याकरितां आम्ही उभे नाहीं. बागायतीचें उत्पन्न आणि जमिनीचा भाव यांतील अंतर आम्हांस ठाऊक आहे. आजारपण व मुलांचें शिक्षण उपदेशानें निभत नाहीं. पण शेजारच्या दहा विहिरी त्या बावखलावर जगत असतील, तर त्याचा भार एकट्या मालकानें वाहावा, हेंही न्यायाचें नाहीं. वाद्यवृंद न आणिल्यामुळें जे पैसे वांचले, ते समितीनें बावखलाचा गाळ काढण्याकरितां बाजूस ठेविले आहेत. रकमेनें काम पुरें होणार नाहीं. पुढील वांटा शेजाऱ्यांनीं उचलावा, आणि निर्णय घेण्यापूर्वीं मालकांनीं एक पावसाळा थांबावें, एवढीच आमची विनंती आहे. घोरपड राखून घुमट राखतां आला, तर मालकाचें घर राखून बावखल राखण्याचा मार्ग आपणांस कां सांपडूं नये?

गाणें, चित्र व पाणी हीं तीन निराळीं खातीं आहेत, असें आम्हांस वाटत नाहीं. पाणी आणण्याचें गाणें विहिरीवांचून कोणासाठीं म्हणावें? पांगारा तुटल्यावर मुलानें काय पाहून काढावें? सृष्टि राहिली तरच तिचें गान राहील. आणि ज्यांस तिचें गान येतें, तेच तिला विकतांना क्षणभर थांबतील. महोत्सव म्हणजे वाडवडिलांनीं दिलेल्या ठेवीचा हिशेब होय. ह्याहून गंभीर काम दुसरें कोणतें असावें?

तर उद्यां सकाळीं साडेसहा वाजतां सर्वांनीं चर्चच्या प्रांगणांत जमावें. मुलांनीं कागद व रंग आणावे. प्रत्येक घरानें आजीकडून एक गाणें लिहून आणावें; संपूर्ण नसेल तर दोन ओळी तरी आणाव्या, उरलेल्या दुसऱ्या घरीं सांपडतील. आणि रविवारीं बावखलावर येतांना, ज्यांस जमेल त्यांनीं टोपलें व फावडें बरोबर घ्यावें.