चाकांवरचे घर आणि बाईमाणसाची सोय
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



मला भाषण करण्याची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले. हळदीकुंकवाला नाव घ्यायचे म्हटले तरी माझ्या घशाला कोरड पडते. पण चिटणीसबाईंनी आग्रहच धरला. म्हणाल्या, "तुमची ती घराची गाडी सगळ्या गल्लीने बाहेरून पाहिली आहे. आत काय काय केले आणि का केले, ते एकदा सांगा." म्हणून उभी राहिले आहे.

आमच्या ह्यांची टेम्पो ट्रॅव्हलर तुम्हां सर्वांच्या ओळखीची आहे. सकाळी शाळेची मुले आणि सुट्टीच्या दिवशी देवदर्शनाच्या सहली, यावर आमचे घर चालत असे. २०२० साली टाळेबंदी आली, शाळा बंद झाल्या आणि गाडी दारात उभी राहिली. विकायला काढली तर कोणी धड भाव करीना. पुढे २०२१ साली महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. कॅराव्हॅन म्हणजे ज्यात झोपता येते, रांधता येते अशी गाडी. ती बातमी आमच्या भाऊजींनी वाचली आणि दोघा भावांच्या डोक्यात शिरले, की आपल्या गाडीचेच घर करायचे. सासूबाईंना नर्मदा परिक्रमेची फार वर्षांची आस होती. पायी जाणे गुडघ्यांमुळे शक्य नव्हते. तेव्हा घरच घेऊन जाऊ, असा बेत ठरला.

गाडी एका कारखान्यात दिली. दोन महिन्यांनी परत आली ती नवरीसारखी सजून. चकाकणाऱ्या गाद्या, छताला रंगीत दिवे, भिंतीला टीव्ही, मोठा स्पीकर आणि मागे दोन पलंग. पाण्याची टाकी टपावर आणि शेगडी दाराशी. सगळ्यांनी वाहवा केली, मीही केली. त्यात मोरी नव्हती हे मात्र मला दिसले होते. विचारले तेव्हा हे म्हणाले, "रस्त्याला पंप असतातच की." मी गप्प बसले. तेथेच माझे चुकले.

परिक्रमेआधी गाडीची परीक्षा म्हणून आम्ही एप्रिलमध्ये पंढरपूर, अक्कलकोट आणि तुळजापूर असे निघालो. सोलापूरकडचे ऊन तुम्हांला ठाऊकच आहे. पत्र्याची गाडी दुपारी तव्यासारखी तापली. चकाकणारी गादी पाठीला चिकटू लागली. वळणावर टपावरच्या पाण्याने गाडी डुले. ऐंशी लिटर पाणी म्हणजे ऐंशी किलो वजन. आपल्यातलीच एखादी भरभक्कम बाई टपावर बसवल्यासारखे ते झाले. गाडीची पायरी दीड हात उंच, त्यामुळे सासूबाईंना दर वेळी दोघांनी उचलून चढवावे लागे. पंपावरच्या मोरीला कोठे कुलूप, तर कोठे आत पाय ठेवण्याची सोय नाही. आणि होते ते उकिडवे बसण्याचे. त्यांना ते जमत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सासूबाईंना भोवळ आली. अंगात ताप होता. दवाखान्यात सलाइन लावावे लागले. डॉक्टरीणबाईंनी तपासून विचारले, "आजी, दोन दिवसांत पाणी किती प्यायलात?" सासूबाई बोलेनात. मग हळूच म्हणाल्या, "औषधाच्या गोळीपुरते." पाणी न प्यायल्याने आणि लघवी रोखून धरल्याने लघवीच्या जागी जंतूंचा विकार झाला होता.

रात्री मी उशाशी बसले असता त्या म्हणाल्या, "सूनबाई, बाईमाणसाने प्रवासात पाणी पिऊ नये. माझ्या आईने मला हेच शिकवले. तुझ्या लग्नाची वरात आली तेव्हाही मी दिवसभर कोरडीच होते." भगिनींनो, बावीस वर्षे मी त्यांच्या ताटात वाढते आहे, पण मला हे माहीत नव्हते. आणि माहीत नव्हते तरी कसे म्हणू? मी स्वतः तेच करीत आले. इतकेच नव्हे, माझी मुलगी शाळेत जाऊ लागली तेव्हा मीच तिला सांगितले होते, की तिथली मोरी घाण असते, पाणी बेताने पी. तिच्या दप्तरातली बाटली संध्याकाळी भरलेलीच परत येई आणि मी तिला शहाणी मुलगी म्हणत असे.

घरी आल्यावर मी ह्यांना म्हटले, "आता गाडी मी सांगेन तशी होईल." टीव्ही, स्पीकर आणि रंगीत दिवे काढून विकले. त्यात माझी भिशी घातली. मग काय काय केले, ते क्रमाने सांगते.

पहिले काम मोरीचे. मागच्या कोपऱ्यात दार लागेल अशी लहान खोली केली. तिच्यात खुर्चीसारखे बसण्याचे भांडे ठेवले. त्याच्या खाली वीस लिटरची टाकी असते. मधली झडप बंद केली की वास वर येत नाही. टाकीत औषध घालतात, म्हणून आतली घाण कुजून घमघमत नाही. टाकी भरली की ओढून काढायची आणि धर्मशाळेच्या किंवा लॉजच्या संडासात, तेथल्या माणसाला विचारून, रिकामी करायची. उघड्यावर कधीही नाही. आम्हां चौघांना ती दीड-दोन दिवस पुरते. भिंतीला धरायला पोलादी दांडा बसवला. तो कोठे असावा, हे सासूबाईंना प्रत्यक्ष बसवून, त्यांचा हात जिथे जाईल तिथे खूण करून ठरवले.

टाकी कोणी ओतायची, यावर घरात बराच वाद झाला. भाऊजी म्हणाले, ते काही आमचे काम नव्हे. शेवटी ह्यांनीच पहिल्या वेळी ती उचलली. म्हणाले, "तिने लहानपणी माझे सारे केले, मग यात मला कसली लाज?" तेव्हापासून ते काम ह्यांच्याकडेच आहे. हे मी मुद्दाम सांगते, कारण मोरी बांधणे सोपे असते, ती स्वच्छ कोणी ठेवायची हा प्रश्न अवघड असतो.

दुसरे काम पायरीचे. ओढून बाहेर काढता येईल अशी एक जास्तीची पायरी आणि दारापाशी मूठ. खर्च थोडा, पण आज सासूबाई कोणाचा हात न धरता चढतात.

तिसरे काम उष्म्याचे. सगळे म्हणाले, एसी बसवा. मी भाऊजींना हिशेब मांडायला सांगितले. आमची बॅटरी बारा व्होल्टची, शंभर अँपिअर-तासांची. म्हणजे साधारण बाराशे वॅट-तास वीज तिच्यात मावते. महिन्याचा किराणा असतो तसेच हे. एसी हजार वॅट खाणारा, तो तासाभरात डबा रिकामा करील. पंचवीस वॅटचे दोन पंखे आठ तास चालवले तर चारशेच लागतात. म्हणून आधी उष्मा आत येऊच नये, असे केले. टपाला पांढरा रंग दिला. आतली फळी उचकटून, पत्रा आणि फळी यांच्यामध्ये एसीच्या नळ्यांना गुंडाळतात तो काळा रबरी फोम भरला. काचांना आतून चंदेरी कागदाचे पडदे शिवले. छताला गरम हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला. गरम हवा वर चढते, ती पंखा काढून टाकतो आणि सावलीच्या बाजूची खिडकी थोडी उघडी ठेवली की खालून गार हवा येते. आपल्या जुन्या घरांना झरोका असायचा, तोच हा. टपावर सौर तक्ते आहेत, शिवाय गाडी चालताना इंजिनावरही बॅटरी भरते.

चौथे काम पाण्याचे. टाकी टपावरून काढून खाली, दोन्ही चाकांच्या मध्ये घेतली. गाडी डुलायची थांबली. नळाला पायाने दाबायचा पंप लावला. पाय उचलला की धार बंद, आणि दोन्ही हात मोकळे राहतात. खरकटे पाणी साठवायला निराळी टाकी केली.

पाचवे काम स्वयंपाकाचे, आणि येथे नीट लक्ष द्या. आपला गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो खाली साठतो आणि ठिणगीची वाट पाहतो. म्हणून सिलिंडरला वेगळी बंद पेटी केली आणि पेटीच्या तळाला भोक ठेवले, म्हणजे गळलेला गॅस गाडीखाली निघून जाईल. शेगडी दाराजवळून हलवली. पेटलेल्या शेगडीने दार अडले तर पळायचे कोठून? आग विझवायचे नळकांडे हाताशी टांगले. रांधताना छताचा पंखा आणि एक खिडकी उघडी, हा नियम. डब्यांचा खडखडाट फार होई, म्हणून फळ्यांना पुढे कठडा केला आणि डब्यांमध्ये जुन्या लुगड्याचे तुकडे खोवले.

सहावे काम झोपेचे. पलंगाची फळी सलग होती. सकाळी गादीच्या खालून ओल लागे, कारण आपल्या श्वासाची वाफ थंड जागी जमते. सलग फळीऐवजी बोटभर फटी ठेवून पट्ट्या लावल्या, हवा खेळू लागली. चकाकणारे कापड काढून सुती खोळ घातली आणि वर माझ्या हातची गोधडी. मुक्कामाला जागा उतरती असेल तर चाकाखाली लाकडी पाचर ठेवतो. डोके पायापेक्षा खाली गेले तर झोप कसली लागायची? मधे जाड पडदा लावला. बाईला लुगडे नेसायला चार हात जागा आणि खात्रीचा आडोसा लागतो, ते पुरुषांच्या ध्यानात येत नाही.

आणि एक सांगते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे परिवहन कार्यालयाच्या मंजुरीवाचून गाडीत असे फेरफार करता येत नाहीत. हौसेने तोडफोड करण्याआधी कागदपत्रांची चौकशी करावी.

पुढच्या वर्षी कार्तिकी एकादशीनंतर, चातुर्मास संपल्यावर, आम्ही ओंकारेश्वराला संकल्प सोडला. नर्मदा १३१२ किलोमीटर लांब. ती सदैव उजव्या हाताला ठेवायची आणि ओलांडायची नाही, हा परिक्रमेचा नेम. दक्षिण तीराने समुद्राकडे गेलो. संगमापाशी माणसे होडीने पैलतीरी जातात आणि गाडी भरुचच्या पुलावरून फिरवून आणावी लागते. तेवढे काही तास आमच्या घराचा उपयोग नव्हता. सासूबाईंनी त्या दिवशी सकाळपासून पुन्हा पाणी सोडले. मी पाहिले, पण काही बोलले नाही. इतक्या वर्षांची सवय एका मोरीने जात नाही. पैलतीरी गाडी दिसताच मात्र त्यांनी आपण होऊन तांब्या मागितला.

मग उत्तर तीराने अहिल्याबाईंचे महेश्वर पाहून अमरकंटकला पोहोचलो. तेथे थंडी कडाक्याची. शेजारच्या गाडीतल्या एका माणसाने कोळशाची शेगडी पेटवून आत घेतली होती. ह्यांनी धावत जाऊन ती बाहेर काढायला लावली. बंद जागेत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस झोपेतच जातो. थंडीसाठी गोधडी वाढवावी, गरम पाण्याची पिशवी घ्यावी, पण बंद गाडीत शेगडी घेऊ नये. तेथून दक्षिण तीराने परत ओंकारेश्वर. एकोणीस दिवस लागले. त्या एकोणीस दिवसांत मैयाच्या काठी आम्ही साबणाचे किंवा मोरीचे पाणी एक थेंबही सांडले नाही.

परत आल्यावर शेजारच्या काकूंनी सासूबाईंना विचारले, परिक्रमेत काय मिळाले? मला वाटले, त्या घाटांविषयी किंवा दर्शनाविषयी सांगतील. त्या म्हणाल्या, "पोटभर पाणी प्याले."

भगिनींनो, प्रत्येकीने अशी गाडी करावी, असे मी म्हणत नाही. ती कोणाला परवडेल, कोणाला नाही. पण सोय करताना आधी कोणाला विचारायचे, हे मी त्या गाडीमुळे शिकले. घरात ज्याला सर्वांत जास्त अडचण होते, त्याला आधी विचारावे. आणि जिला अडचण आहे, तिने माझ्यासारखे गप्प बसू नये. मोरी मागणे म्हणजे चैन मागणे नव्हे.

माझी मुलगी आता कॉलेजला एसटीने जाते. परवा मी तिच्या पिशवीत बाटली भरून ठेवली आणि म्हटले, "मागे मी तुला चुकीचे शिकवले होते. पाणी पी. आणि कॉलेजातली मोरी घाण असेल तर चार जणी मिळून बाईंना सांगा."

दिवाळीनंतर आपल्या मंडळाची सहल जायची आहे. माझी एकच विनंती आहे. बस ठरवताना भाड्याची घासाघीस करण्याआधी हे विचारू या, की वाटेत कोठे कोठे थांबणार आणि तेथे बायकांची सोय कशी आहे. गाडी दर दोन तासांनी थांबलीच पाहिजे, हे ड्रायव्हरला आधीच सांगू या. म्हणजे निदान आपल्या सहलीत तरी कोणी म्हातारी बाई कोरड्या घशाने देवदर्शन करणार नाही.

  सभा संपल्यावर गाडी दारातच उभी आहे, ज्यांना पाहायची त्यांनी अवश्य यावे. चहा गाडीतच करीन.