जीवाणूंची शिदोरी

सांडपाणी शुद्ध करावयाचे म्हणजे त्यातील घाण शक्य तितक्या लवकर नाहीशी करावयाची, हा विचार वरकरणी निर्दोष वाटतो. परंतु नत्र आणि स्फुरद काढू लागल्यावर त्यातील उणीव ध्यानात येते. ही द्रव्ये शेतात खत ठरतात; जलाशयात शिरली तर शेवाळ माजवतात. दक्षिण आफ्रिकेतील हार्टबीस्पूर्ट धरणाचे पाणी जोहान्सबर्गकडून येणाऱ्या सांडपाण्याने असेच हिरवे झाले.

त्याच देशात, प्रिटोरियातील डासपूर्ट येथे, जेम्स बार्नार्ड या अभियंत्याने १९७० नंतरच्या काही वर्षांत यावर प्रयोग केले. नत्र घालविण्याचे काम दोन प्रकारचे जीवाणू करतात. पहिले हवेच्या साहाय्याने अमोनियाचे नायट्रेट करतात. दुसरे, हवा नसलेल्या टाकीत, नायट्रेटमधील प्राणवायूवर श्वसन करतात. तेव्हा नत्र वायुरूपाने निघून जातो. मात्र या दुसऱ्यांना अन्न लागते, आणि ते म्हणजे घाणीतील सेंद्रिय कार्बन. हवेच्या टाकीत तो आधीच संपला, तर हे जीवाणू उपाशी राहतात व नायट्रेट तसेच नदीला मिळते. म्हणून बार्नार्ड यांनी ताजे सांडपाणी प्रथम हवाविरहित टाकीत घेतले आणि नायट्रेटयुक्त पाणी मागे फिरवून त्यात सोडले. या प्रयोगांत स्फुरदही पुष्कळ घटलेला आढळला.

त्याचे कारण पुढे उलगडले. काही जीवाणू हवेवाचून ॲसिटिक आम्लासारखे सौम्य अन्न साठवतात. त्या श्रमासाठी स्फुरद खर्चतात, आणि पुढे हवा मिळताच सोडला त्याहून अधिक परत घेतात. पण त्याच अन्नावर दुसरेही टपलेले असतात. ते खातात, स्फुरद मात्र साठवत नाहीत. अन्नात ॲसिटिकसोबत प्रोपिऑनिक आम्ल असल्यास पहिल्यांचे पारडे जड होते, असे प्रयोगांत दिसले आहे.

घाणीतील अन्न अपुरे पडले तर काय करावे? अमेरिकेत वॉशिंग्टनच्या ब्लू प्लेन्स केंद्रात मिथेनॉल घातले जाते. नायट्रेटमधील एक किलो नत्रामागे ते सुमारे अडीच ते तीन किलो लागते. परंतु मिथेनॉल थोड्याच जातींना पचते. त्या हळू वाढतात, म्हणून त्यांचा जम बसण्यास काही आठवडे जातात. ॲसिटेट अनेकांना रुचते, पण ते बहुधा महाग पडते.

तेव्हा टाकीत काय घातले, यावर तेथे कोण नांदेल हे ठरते. ज्याला शिदोरी मिळेल, तोच वस्तीला राहील. घाण म्हणून जे घाईने जाळून टाकावे, तेच पुढे विकत आणावे लागते.